जोडमूळ संख्या : अंदाज अचूक, सिद्धता मात्र अजून नाही

३ आणि ५. ५ आणि ७. ११ आणि १३. १७ आणि १९. ज्या दोन मूळ संख्यांमध्ये फक्त २ चा फरक असतो त्यांना जोडमूळ संख्या म्हणतात, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. १०० च्या आत अशा ८ जोड्या आहेत. शेवटची ७१ आणि ७३. त्यानंतर शंभरी संपेपर्यंत एकही नाही. मग १०१-१०३ आणि लगेच १०७-१०९ अशा दोन जोड्या पाठोपाठ येतात, आणि पुन्हा १३७-१३९ पर्यंत शुकशुकाट.

या जोड्या कधी संपतात का? एखादी शेवटची जोडी आहे का, जिच्यानंतर मूळ संख्या येत राहतील, पण इतक्या जवळजवळ पुन्हा कधीच येणार नाहीत?

हे अजून कोणालाही सिद्ध करता आलेलं नाही. १८४९ मध्ये आल्फाँस द पोलिन्याक या फ्रेंच गणितज्ञाने याहूनही मोठी अटकळ मांडली: २ च काय, कुठलीही सम संख्या घ्या, तेवढ्या अंतरावरच्या लागोपाठच्या मूळ संख्या अनंत वेळा सापडतील. १९१२ मध्ये केंब्रिजला भरलेल्या आंतरराष्ट्रीय गणित परिषदेत एडमुंड लांडाऊ यांनी, आजच्या ज्ञानाच्या बळावर हात घालता येत नाही असे म्हणून, मूळ संख्यांविषयीचे चार प्रश्न सांगितले. त्यात हा होता. ते चारही प्रश्न आजही उभे आहेत.

प्रश्न जुना आणि अवघड आहे, पण मला त्यात खरं विलक्षण वाटतं ते वेगळंच. अमुक संख्येपर्यंत अशा जोड्या किती असतील, हे आपण थक्क व्हावं इतक्या अचूकपणे सांगू शकतो. आणि तरीही त्या संपत नाहीत, एवढी साधी गोष्ट सिद्ध करू शकत नाही. असं का, हे समजून घेण्यासारखं आहे.

युक्लिडची युक्ती इथे का चालत नाही

मूळ संख्या अनंत आहेत हे युक्लिडने सुमारे २,३०० वर्षांपूर्वी सिद्ध केलं. तुमच्या मते सगळ्या मूळ संख्या यादीत आल्या असतील, तर त्या सगळ्यांचा गुणाकार करा आणि त्यात १ मिळवा. आलेल्या संख्येला यादीतल्या कुठल्याही मूळ संख्येने भागलं तरी बाकी १ उरते. म्हणजे तिचा मूळ अवयव यादीबाहेरचा असणारच. यादी अपुरी होती, आणि कुठलीही यादी अशीच अपुरी ठरणार.

मग हाच डाव दोन्ही बाजूंनी खेळून पाहू. गुणाकारात १ मिळवू आणि १ वजाही करू. २ × ३ = ६, दोन्ही शेजारी ५ आणि ७. जोडी मिळाली. पुढे ५ ने गुणलं की ३०, शेजारी २९ आणि ३१. पुन्हा जोडी. आता ७ ने गुणू: २१०. शेजारी २०९ आणि २११. २११ मूळ आहे, पण २०९ म्हणजे ११ × १९. डाव फसला. ११ ने गुणलं तर २,३१०, आणि २,३०९ व २,३११ दोन्ही मूळ निघतात! आशा वाढते. १३ ने गुणलं की ३०,०३०. खालचा शेजारी ३०,०२९ मूळ आहे, वरचा ३०,०३१ म्हणजे ५९ × ५०९.

युक्लिडची युक्ती कुठलातरी नवा मूळ अवयव आहे, एवढंच सांगते. ती संख्या स्वतः मूळ आहे असं ती कधीच म्हणत नाही. जोडीसाठी मात्र आपल्याला दोन ठरावीक संख्या एकाच वेळी मूळ हव्या असतात. ही मागणी फार जास्त आहे.

एक गोष्ट तेवढी लगेच कळते. ३-५ ही जोडी सोडली तर प्रत्येक जोडीच्या मधली संख्या ६ ने विभाज्य असते. दोन्ही टोकं विषम असल्याने मधली सम असते, आणि लागोपाठच्या तीन संख्यांपैकी एक ३ ने विभाज्य असतेच, तर ती टोकाची असू शकत नाही. अशाच कारणाने ३, ५, ७ असं त्रिकूट पुन्हा कधी येत नाही: २-२ च्या अंतरावरच्या तीन संख्यांपैकी एकीला ३ ने भाग जातोच. म्हणजे तिळं नाहीत हे एका ओळीत सिद्ध होतं आणि जुळ्यांचं शतकानुशतकं होत नाही.

विरळ होत जाणारी वस्ती

मोठ्या संख्यांकडे जावं तशा मूळ संख्या विरळ होतात. १०० पर्यंत २५ आहेत, १,००० पर्यंत १६८, दहा लाखांपर्यंत ७८,४९८. ही विरळाई कशी वाढते हे १८९६ मध्ये आदामार आणि द ला व्हाले पूसँ यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे सिद्ध केलं. ढोबळ हिशेब असा: संख्येतल्या अंकांची संख्या मोजा, तिला २.३ ने गुणा, त्या भागात दोन मूळ संख्यांमधलं सरासरी अंतर साधारण तेवढं असतं. दहा लाखांच्या आसपास ते १४ च्या घरात आहे. शंभर अंकी संख्यांमध्ये २३० च्या घरात.

सरासरी अंतर वाढतच जातं, मग एखाद्या टप्प्यानंतर २ चं अंतर अजिबात दिसेनासं व्हायला काय हरकत आहे? शंका रास्त आहे. शिवाय हव्या तेवढ्या मोठ्या फटी पडतात हे तर नक्कीच माहीत आहे. १ ते १०० सगळ्या संख्यांचा गुणाकार करा. त्यात २ मिळवलेली संख्या २ ने विभाज्य, ३ मिळवलेली ३ ने, असं करत १०० मिळवलेली १०० ने. सलग ९९ संख्यांत एकही मूळ नाही.

पण सरासरी वाढली म्हणून लहान अंतरं नाहीशी होतात असं नाही, ती फक्त दुर्मिळ होतात. किती दुर्मिळ, याचा हिशेब १९२३ मध्ये हार्डी आणि लिटलवुड यांनी मांडला. तो जवळून पाहण्यासारखा आहे.

दहा लाखांच्या आसपासची एखादी संख्या मूळ असण्याची शक्यता १४ त १. तिच्यापुढे २ वर असलेली संख्याही मूळ असण्याची शक्यता १४ त १. दोन्ही एकदम हव्यात, तर १४ × १४, म्हणजे साधारण १९६ त १. हा हिशेब चुकीचा आहे, आणि का चुकीचा ते लगेच दिसतं. २ च्या जागी १ चं अंतर घेतलं तरी उत्तर तेच येईल, पण लागोपाठच्या दोन संख्यांपैकी एक सम असतेच, त्या दोघी मूळ असणं २-३ सोडून अशक्य. म्हणजे दोन्ही संख्यांचं नशीब स्वतंत्र नाही, ते एकमेकींना बांधलेलं आहे.

ही बांधणी एकेका मूळ संख्येसाठी मोजता येते. २ पासून सुरू करू. कुठल्याही दोन सुट्या संख्या घेतल्या तर दोन्ही विषम असण्याची शक्यता १/४. पण आपल्या दोन संख्यांमध्ये २ चं अंतर आहे, त्यामुळे एक विषम असली की दुसरीही विषमच. शक्यता १/२. म्हणजे हिशेब २ ने गुणायला हवा. आता ३. दोन सुट्या संख्यांपैकी एकीलाही ३ ने भाग जात नाही याची शक्यता २/३ × २/३ = ४/९. आपल्या जोडीत मात्र पहिलीला ३ ने भागून बाकी २ च उरायला हवी, तरच दोघी वाचतात, म्हणजे १/३. इथे गुणक ३/४. ५ साठी १५/१६, ७ साठी ३५/३६. पुढचे गुणक १ च्या अधिकाधिक जवळ येतात. सगळे गुणत गेलं की २, १.५, १.४०६, १.३६७ असं उतरत उतरत ते १.३२०३ च्या आसपास स्थिरावतं. आधीच्या कच्च्या हिशेबाला या आकड्याने गुणायचं, मग संख्यारेषेवर पुढे जाताना बदलणारी ही शक्यता बेरीज करत जायची. झाला अंदाज.

यात सिद्ध केलेलं काहीच नाही. मूळ संख्या नशिबाच्या खेळासारख्या वागतात असं गृहीत धरून केलेली ही आकडेमोड आहे. पण तिचं उत्तर पाहा. १० कोटींपर्यंत अंदाज ४,४०,३६८ जोड्यांचा, प्रत्यक्षात ४,४०,३१२. १०० कोटींपर्यंत अंदाज ३४,२५,३०८, प्रत्यक्षात ३४,२४,५०६. सव्वाचौतीस लाखांच्या आसपासच्या मोजणीत आठशेची चूक. संगणकांनी १० च्या १८ व्या घातापर्यंत मोजणी केली आहे. तिथवर ८०८ लाख कोटींहून अधिक जोड्या आहेत, आणि अंदाज कुठेही ढळलेला नाही.

याच पद्धतीने आणखी एक गोष्ट कळते, जी मला फार आवडते. ६ चं अंतर असलेल्या मूळ संख्यांच्या जोड्या २ चं अंतर असलेल्यांच्या जवळजवळ दुप्पट असायला हव्यात, कारण ६ च्या अंतराला ३ ची अडचण निम्मीच भासते. मोजून पाहिलं तर तसंच दिसतं.

एवढा पुरावा असताना सिद्धतेचा हट्ट कशाला? कारण मूळ संख्यांनी याआधी फसवलेलं आहे. मूळ संख्यांच्या मोजणीचं एक सूत्र आहे, ते आजवर तपासलेल्या प्रत्येक ठिकाणी खऱ्या आकड्यापेक्षा थोडं जास्तच उत्तर देतं. कायम जास्तच देत राहील असं कोणालाही वाटावं. १९१४ मध्ये याच लिटलवुड यांनी सिद्ध केलं की ते अनंत वेळा कमीही पडतं. अशी उलटापालट १० च्या ३१६ व्या घाताच्या आसपास होते हे नंतर कळलं. तिथपर्यंत कुठलाही संगणक मोजत जाऊ शकत नाही. तेव्हा ८०८ लाख कोटी जोड्या दिसल्या म्हणून अनंत जोड्या आहेत असं म्हणता येत नाही.

चाळणी आणि तिची लांबी

सिद्धतेसाठी सगळ्यात स्वाभाविक हत्यार म्हणजे एराटोस्थेनिसची चाळणी. २ च्या पटीतल्या संख्या काढा, मग ३ च्या, ५ च्या, ७ च्या. उरतील त्या मूळ. जोड्यांसाठी दुहेरी चाळायचं: जी संख्या स्वतः किंवा तिच्यात २ मिळवून येणारी संख्या भागली जाते, ती काढायची.

२, ३, ५, ७ ने असं चाळलं तर २१० लांबीच्या प्रत्येक पट्टीत बरोबर १५ जागा उरतात. हे १ × १ × ३ × ५ असं तोंडी काढता येतं, कारण २ पुढे एकच बाकी चालते, ३ पुढे एक, ५ पुढे तीन, ७ पुढे पाच. पहिल्या पट्टीतल्या जागा या: ११, १७, २९, ४१, ५९, ७१, १०१, १०७, १३७, १४९, १६७, १७९, १९१, १९७, २०९. यातल्या १३ खऱ्या जोड्या देतात. १६७ ची जोडी मोडते, कारण १६९ म्हणजे १३ × १३. आणि २०९ ला आपण आधीच भेटलो आहोत.

या १५ जागा प्रत्येक पट्टीत, अनंतापर्यंत, पुन्हा पुन्हा येतात. मग काम झालं की! नाही. चाळणीतून वाचलेली संख्या मूळ आहे याची खात्री फक्त १२१ च्या आतच आहे, कारण ११ × ११ पासून पुढे चाळणीत न आलेले अवयव डोकं वर काढतात. पट्टी २१० ची, खात्री १२१ पर्यंतची. बरं, ११ नेही चाळू. आता पट्टी २,३१० ची, जागा १३५, खात्री १६९ च्या आत. १३ ने चाळलं तर पट्टी ३०,०३०, जागा १,४८५, खात्री २८९ च्या आत. १७ ने चाळलं तर पट्टी ५,१०,५१०, जागा २२,२७५, खात्री ३६१ च्या आत.

जागा वाढत जातात, पण पट्टी त्याहून कितीतरी वेगाने लांबते आणि खात्रीचा टप्पा मागेच रांगत राहतो. पट्टीत एकूण किती जागा आहेत हे गणित नेमकं सांगतं. त्यातली एक तरी त्या इवल्याशा खात्रीच्या टप्प्यात पडते का, हे ते सांगत नाही. सगळ्या २२,२७५ जागा पलीकडे पडल्या असत्या तरी या हिशेबात काहीच बिघडलं नसतं. लहान संख्यांसाठी आपण डोळ्यांनी पाहू शकतो. सिद्धतेला मात्र न पाहिलेल्या, कितीही मोठ्या संख्यांविषयी बोलावं लागतं.

नॉर्वेच्या व्हिगो ब्रुन यांनी या जुन्या चाळणीत जीव ओतला. शेवटपर्यंत चाळायचंच नाही, मध्येच थांबायचं, आणि थांबल्यामुळे झालेली चूक वरून आणि खालून अशी दोन्हीकडून बांधून ठेवायची. १९१९ मध्ये त्यांनी यातून एक देखणा निष्कर्ष काढला. सगळ्या मूळ संख्यांचे गुणाकार व्यस्त, म्हणजे १/२ + १/३ + १/५ + ..., मिळवत गेलं तर बेरीज हव्या त्या आकड्यापलीकडे जाते. हे ऑयलर यांनी १७३७ मध्येच दाखवलं होतं. ब्रुन यांनी फक्त जोडमूळ संख्यांचे व्यस्त घेतले आणि ही बेरीज एका मर्यादेतच राहते हे सिद्ध केलं. बेरीज अमर्याद निघाली असती तर जोड्या अनंत आहेत हे त्याच क्षणी ठरलं असतं. ती मर्यादित निघाली, आणि त्यातून काहीच ठरलं नाही: जोड्या संपत असतील तरी बेरीज मर्यादित, अनंत पण विरळ असतील तरीही मर्यादित.

ही बेरीज १.९०२ च्या आसपास असावी असं मानतात. ती अतिशय संथपणे वाढते. १० च्या १६ व्या घातापर्यंतच्या सगळ्या जोड्या घेतल्या तरी ती १.८३ च्याच घरात पोचते. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या लिंचबर्ग कॉलेजचे प्राध्यापक थॉमस नाइसली हीच बेरीज संगणकावर करत होते. उत्तरं जुळेनात. शोध घेता घेता ते ८,२४,६३,३७,०२,४४१ आणि ८,२४,६३,३७,०२,४४३ या जोडीपाशी पोचले: इंटेलची पेंटियम चिप त्यांचा भागाकार चुकवत होती. चिप बदलून देण्याच्या प्रकरणात इंटेलला ४७.५ कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. ज्या प्रश्नाचा व्यवहारात काडीचा उपयोग नाही असं म्हणतात, त्या प्रश्नाने हा दोष उघडकीला आणला.

७ कोटींपासून २४६ पर्यंत

२ चं अंतर हाती लागत नसेल, तर निदान एखादं ठरावीक अंतर तरी? ७ कोटी, सात अब्ज, काहीही, पण सरासरीबरोबर वाढत न जाणारं. १७ एप्रिल २०१३ रोजी ‘अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’ या नियतकालिकाकडे एक लेख आला. लेखक यितांग झांग, न्यू हॅम्पशायर विद्यापीठातले अध्यापक, साठीच्या उंबरठ्यावरचे. पीएच.डी. नंतर त्यांना कित्येक वर्षं विद्यापीठात जागा मिळाली नव्हती, त्या काळात त्यांनी खाद्यपदार्थांच्या दुकानात हिशेब सांभाळण्याचंही काम केलं. त्यांनी सिद्ध केलं होतं की ७ कोटींपेक्षा कमी अंतरावरच्या मूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत. अशा नियतकालिकात लेख तपासायला महिनोन्महिने, कधी वर्षं लागतात. हा काही आठवड्यांतच स्वीकारला गेला.

२ च्या शोधात ७ कोटी म्हणजे थट्टाच, असं वाटू शकतं. पण याआधी कुठलाही ठाम आकडा नव्हता. शंभर अंकी संख्यांमध्ये सरासरी अंतर २३०, पण संख्येत तीन-चार कोटी अंक असले की सरासरी अंतर ७ कोटींच्या पुढे जातं. त्याहून अवाढव्य संख्यांमध्ये, जिथे सरासरी अंतर लिहायलाच पानं लागतील, तिथेही ७ कोटींच्या आत दोन मूळ संख्या सापडत राहणार. मूळ संख्या कायमच्या एकमेकींपासून दूर होत नाहीत, हे पहिल्यांदा पक्कं झालं.

युक्ती अशी. एका जोडीच्या मागे न लागता ठरावीक अंतरांचा एक साचा घ्यायचा, उदाहरणार्थ ०, २, ६, ८, १२. हा साचा ११ वर ठेवला तर ११, १३, १७, १९, २३ मिळतात, पाचही मूळ. पाचही मूळ असणं अनंत वेळा घडतं हे सिद्ध करणं आवाक्याबाहेरचं आहे. पण आपल्याला पाच नकोतच. साचा संख्यारेषेवर सरकवत नेताना निदान दोन खाचांत एकाच वेळी मूळ संख्या अनंत वेळा पडल्या तरी पुरे. त्यासाठी साच्याच्या निवडक जागांना वजन देऊन सरासरी काढायची. खाचांमध्ये सरासरी एकापेक्षा जास्त मूळ संख्या पडतात असं दिसलं, की कुठेतरी निदान दोन पडल्याच पाहिजेत.

गोल्डस्टन, पिंट्स आणि यिल्दिरिम यांनी २००५ मध्ये ही सरासरी १ च्या अगदी काठावर आणून ठेवली होती. काठ ओलांडायला एक माहिती हवी होती: मूळ संख्या वेगवेगळ्या बाक्यांमध्ये किती समान वाटल्या जातात. शेवटचा अंक १, ३, ७, ९ असलेल्या मूळ संख्या साधारण सारख्याच असतात, हे १० ने भागण्याचं उदाहरण. मोठमोठ्या भाजकांसाठीही असंच घडतं याची, सरासरीने का होईना, हमी १९६५ पासून होती, पण भाजक संख्येच्या वर्गमूळाच्या आसपास गेला की ती संपत होती. म्हणजे घात १/२ पर्यंतच. झांग यांनी भाजक लहान लहान मूळ अवयवांचेच घेतले आणि ही हमी १/२ च्या पुढे १/५८४ एवढी सरकवली. ती इवलीशी वाढ पुरेशी ठरली. साच्यात ३५ लाख खाचा घ्याव्या लागल्या, म्हणून अंतर ७ कोटींपर्यंत गेलं.

पुढचा वर्षभराचा काळ गणिताच्या इतिहासात क्वचित येतो तसा होता. टेरेन्स टाओ यांच्या पुढाकाराने अनेक गणितज्ञ इंटरनेटवर उघडपणे एकत्र काम करू लागले आणि तो आकडा जुलै २०१३ पर्यंत ४,६८० वर आला. नोव्हेंबरमध्ये जेम्स मेनार्ड या तरुण गणितज्ञाने वजनं देण्याची नवी रीत काढली, झांग यांच्या अवघड पायरीची गरजच उरली नाही, १०५ खाचांत काम भागलं आणि आकडा ६०० झाला. टाओ यांनाही स्वतंत्रपणे तीच कल्पना सुचली होती. एप्रिल २०१४ मध्ये ५० खाचांचा साचा पुरला, आकडा २४६. मेनार्ड यांना २०२२ मध्ये फील्ड्स पदक मिळालं.

२४६ चा नेमका अर्थ सांगायला हवा. २ ते २४६ मधली निदान एक तरी सम संख्या अशी आहे, की तेवढ्या अंतरावरच्या मूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत. ती कोणती, ते यातून कळत नाही. बाक्यांतल्या वाटपाविषयीची एक बलाढ्य, न सुटलेली अटकळ खरी मानली तर २४६ चे ६ होतात. ६ नंतर मात्र ही वाट बंद होते, आणि ती का बंद होते याचं कारण माहीत आहे.

सम की विषम

ब्रुन यांनी आपल्या चाळणीतून असंही दाखवलं होतं की २ च्या अंतरावरच्या अशा अनंत जोड्या आहेत, ज्यांतल्या प्रत्येक संख्येला जास्तीत जास्त ९ मूळ अवयव आहेत. हा आकडा कमी करत आणणाऱ्यांच्या रांगेत शेवटी उभे आहेत चीनचे चेन जिंगरुन. त्यांनी १९६६ मध्ये जाहीर केलेली आणि १९७३ मध्ये तपशीलवार छापलेली सिद्धता सांगते: अशा मूळ संख्या अनंत आहेत, ज्यांत २ मिळवलं की येणारी संख्या एकतर मूळ असते, नाहीतर दोन मूळ संख्यांचा गुणाकार. ‘नाहीतर’ हा शब्द तेवढा काढायचा राहिला आहे. पन्नास वर्षांत तो निघालेला नाही.

आडवी येते ती अतले सेल्बर्ग यांनी दाखवून दिलेली समविषमतेची भिंत. प्रत्येक संख्येचे मूळ अवयव मोजा, पुनरावृत्तीसह. १२ म्हणजे २ × २ × ३, तीन अवयव, विषम. १५ म्हणजे ३ × ५, दोन अवयव, सम. सगळ्या संख्यांचे असे दोन गट पाडले तर ते जवळपास निम्मे-निम्मे होतात. ३ च्या पटीतल्या संख्याही दोन्ही गटांत निम्म्या, ५ च्या पटीतल्याही निम्म्या, ७ च्याही. आता चाळणीचं ज्ञान काय असतं? अमुक संख्येने भाग जाणाऱ्या संख्या किती, एवढंच. त्यामुळे तिच्यापुढे समवाला गट ठेवला काय आणि विषमवाला ठेवला काय, तिला दोन्ही सारखेच दिसतात. पण सगळ्या मूळ संख्या विषम गटात आहेत, कारण त्यांना एकच अवयव. सम गटात एकही नाही. चाळणीने ‘इथे मूळ संख्या नक्की आहेत’ असं म्हटलं, तर तिला तेच सम गटाविषयीही म्हणावं लागेल, आणि ते खोटं ठरेल. म्हणून ती कधीच म्हणू शकत नाही. जोडीतल्या दोन संख्यांच्या गुणाकाराला हाच तर्क लागू होतो: तिथे अवयव दोनच हवेत, सम. चाळणी कितीही बारीक केली तरी दोन अवयव आणि तीन अवयव यांतला फरक तिला कळत नाही. चेन बरोबर या भिंतीला हात लावून थांबले आहेत, आणि ६ हा आकडाही तिथेच अडतो.

तेव्हा उत्तर यायचं असेल तर ते चाळणीला बाहेरून काहीतरी नवं देऊनच येईल. अवयवांची संख्या सम की विषम, हे ज्याला दिसतं असं काहीतरी. माझ्या मते या साऱ्या कहाणीतला सगळ्यात आशादायक भाग इथेच आहे, आणि तो संख्यांमधला नाही, बहुपदींमधला आहे. बहुपदींचेही अवयव पडतात, अवयव न पडणाऱ्या बहुपदी मूळ संख्यांच्या जागी येतात, आणि सहगुणक एका मर्यादित संख्यासंचातून घ्यायचे असं ठरवलं की जोडमूळ संख्यांचा प्रश्न तिथेही जसाच्या तसा विचारता येतो. विल सॉविन आणि मार्क शुस्टरमन यांनी २०१९ मध्ये, काही अटी पाळणाऱ्या संचांसाठी, त्या प्रश्नाचं उत्तर सिद्ध केलं: जोड्या अनंत आहेत, आणि त्यांची मोजणी हार्डी-लिटलवुड यांच्या हिशेबाशी जुळते. तिथे भिंत ओलांडता आली, कारण बहुपदीला विवेचक असतो, तोच जो वर्गसमीकरण सोडवताना आपण काढतो. एखाद्या बहुपदीचे मूळ अवयव सम आहेत की विषम, हे अवयव न पाडताही तिच्या विवेचकावरून ठरवता येतं. १२ किंवा १५ सारख्या संख्येसाठी त्या तोडीचं काहीही आज कोणाकडे नाही.